फाब्रेलीची मिठागरं

शुक्रवार, १२ सप्टेंबर

काल दुसऱ्यांदा तालमीला गेलो. पहिल्या वेळचं काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं एवढंच होतं की तिथलं मला काही येत नाही. काल थोडं बरं गेलं.

इथे झूटरमेरमध्ये हौशी डच लोकांचा एक वाद्यवृंद आहे. तारेची वाद्यं नाहीत, सगळी फुंकायची आणि बडवायची. दर गुरुवारी संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमतात. कोणी नर्स आहे, कोणी बस चालवतो, एक जण खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, झाडांचं खातं सांभाळतो. दारात उभा राहिलो आणि वाटलं, हा तर आपल्या गावचा बँड. फक्त डोक्यावर फेटे नाहीत आणि कोपऱ्यात कोणी तंबाखू मळत नाही.

नंदाने मला इथे ढकललं. "ऑफिस, आगगाडी आणि देवघर, एवढ्यातच फिरताय तुम्ही. एके काळी क्लॅरिनेट वाजवत होता ना? मग वाजवा की." सानिकाचं म्हणणं वेगळं. "फाइन बाबा, पण घरात नको. प्लीज." सोळा वर्षांची आहे. तिला सगळ्याचीच लाज वाटते, माझी जरा जास्त.

क्लॅरिनेट सुटलं ते मी गाव सोडून सांगलीला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा. आता वाद्यवृंदानेच एक वापरायला दिलंय. बोटांना अजून आठवतं, हे पाहून मलाच गहिवरून आलं. पण आम्ही कानाने शिकलेलो. समोर कागद ठेवला की माझी बोटं मुकी होतात.

माझ्या शेजारी योप बसतात. मुख्य क्लॅरिनेट त्यांचं. पंचाहत्तरी ओलांडलेले, उंच, जरा पुढे झुकलेले. आयुष्यभर दातांचे डॉक्टर होते. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही मारतो, पण मनात मला त्यांना अहो-जाहोच करावं लागतं. काल त्यांनी माझं वाजवणं ऐकलं, मग वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले, "पुढचे दात उत्तम आहेत. क्लॅरिनेटला तेच लागतं. स्वर वाचता येत नाहीत, हा दुसरा आजार. त्यावर इलाज आहे."

शनिवारी घरी बोलावलंय.

रविवार, २१ सप्टेंबर

काल योपांकडे दुसरा धडा झाला. कागदावरच्या काळ्या ठिपक्यांना हळूहळू नावं येऊ लागली आहेत. मी चुकलो की ते रागावत नाहीत, "हं, हे जरा दुखेल," एवढंच म्हणतात आणि पुन्हा वाजवायला लावतात.

नोव्हेंबरातला आमचा कार्यक्रम एकाच माणसाच्या संगीताचा आहे. रेनातो फाब्रेली, इटलीचा. मी नाव ऐकलं नव्हतं. पण घरी फोनवर त्याची एक चाल लावली तर नंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ही तर पंख्याच्या जाहिरातीतली!" ती मुळात त्याच्या एका सिनेमातली निघाली. त्याने पुष्कळ सिनेमांना संगीत दिलं, चोरांच्या, दर्यावर्द्यांच्या, खाणावळ चालवणाऱ्या एका विधवेच्या. ते जगभर माहीत आहे. पण तो मैफलीसाठीही लिहायचा, नुसतं ऐकण्यासाठी, आणि ते फारसं कोणी वाजवत नाही. जिवंत होता तोवर दोन्ही एका कार्यक्रमात ठेवू द्यायचा नाही म्हणे.

आमच्या पूर्वार्धात त्याची 'मिठागरं' नावाची मैफलीची रचना आहे. योप आणि त्यांची बायको टिनेके लग्नानंतर इटलीला गेले होते, तिथे एका अर्ध्या रिकाम्या सभागृहात त्यांनी ती ऐकली. "बाहेर पाऊस होता आणि जायला दुसरी जागा नव्हती," योप म्हणाले. "आत गेलो तेव्हा नुसते ओले होतो. बाहेर आलो तेव्हा काहीतरी झालं होतं." तेव्हापासून ते प्रत्येक संचालकाच्या मागे लागले. सगळे म्हणायचे, ऐकायला कोण येणार? शेवटी आता नवी संचालक म्हणून आलेली फेम्के म्हणाली, उत्तरार्धात सिनेमाच्या चाली ठेवू, सभागृह भरेल, मग पूर्वार्धात तुमची मिठागरं. असं ते जमलं.

मधल्या भागात क्लॅरिनेटचा सोलो आहे. बाकी सगळे थांबतात आणि एकच क्लॅरिनेट जात राहतं, मैलभर सपाट पाण्यावरून जावं तसं. श्वास घ्यायला कुठे जागाच नाही. हा सोलो योपांचा.

आणि योपांना फुप्फुसांचा आजार आहे. जिना चढताना मध्येच थांबतात आणि भिंतीवरचं चित्र पाहत असल्यासारखं करतात. मी कप ठेवायला आत गेलो तेव्हा टिनेके म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय, या कार्यक्रमानंतर क्लॅरिनेट पेटीत. इतकी वर्षं थांबला तो या एका तुकड्यासाठी, श्रीधर. एकदा वाजवू दे त्याला, मग काय व्हायचं ते होऊ दे."

सकाळी पूजेला बसलो तर भैरोबाच्या तसबिरीपुढे तेच मनात होतं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काल दसरा. सकाळी क्लॅरिनेट देवापुढे मांडून हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी तालमीत योपांना चाव्यांखाली अडकलेली झेंडूची पाकळी दिसली. "हे काय? आणि हे लाल?"

मी सांगितलं, आज आमच्याकडे ज्याच्यावर पोट चालतं किंवा जीव जडतो त्याची पूजा करतात.

ते आपल्या क्लॅरिनेटकडे बघत राहिले. "मी रोज पुसतो याला. आभार कधी मानले नाहीत." मग पुढे केलं. "माझ्यालाही लाव."

कुंकू बरोबर नव्हतं. माझ्या वाद्यावरचं बोटाने थोडं उतरवून त्यांच्यावर टेकवलं. ते खूश झाले. पलीकडच्या बासरीवालीला दाखवलंसुद्धा.

इतकी चांगली सुरुवात झाली, आणि तासाभरात मी सगळ्याचं वाटोळं केलं.

मिठागरांचा मधला भाग पहिल्यांदाच पूर्ण घेतला. सगळे थांबले, योप एकटे निघाले. फार सुंदर. मी माझा कागद विसरून ऐकत होतो. आणि मध्यावर त्यांचा श्वास संपत आला. मला ते ऐकू येण्याआधी दिसलं, त्यांचा खांदा किंचित वर आला. त्यानंतर मी काही ठरवलं नाही. क्लॅरिनेट माझ्या तोंडाला होतं, आणि त्यांनी सोडलेला सूर मी उचलला होता. तो पुढे नेत होतो.

फेम्केने हात खाली घेतला. "कोण वाजवतंय?"

मी थांबलो.

"श्रीधर, हा सोलो आहे. सोलो म्हणजे एकट्याने." ती रागावली नव्हती, नवख्याला सांगावं तसं सांगत होती. मागे कोणीतरी हसलं.

योपांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या कागदाला सांगावं तसं म्हणाले, "मी अजून मेलेलो नाही."

मधल्या सुट्टीत ते दुसऱ्या टेबलावर कॉफी घ्यायला गेले.

हे कसं घडलं ते स्वतःसाठी लिहून ठेवतो. आमच्या गावी भैरोबाचा छबिना देवळातून शिवेपर्यंत जातो. पालखीपुढे दोन क्लॅरिनेटं असायची, मी आणि माझा चुलतभाऊ मनोहर. वाटेत सूर तुटला की भोई पालखी खाली ठेवणार, ही तिथली रीत. म्हणून एकाचा श्वास संपला की दुसऱ्याने सूर उचलायचा, असा की जोड कळू नये. खूण करायची नाही, सांगायचं नाही, विचारायचं नाही. शेजाऱ्याचा खांदा बघायचा, बस्स. सूर कोणाचा, हा प्रश्न तिथे कोणाच्या डोक्यातच येत नाही. देव चालतोय, तो थांबता कामा नये.

इथे देव नव्हता. एका म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची इच्छा होती, आणि मी त्यात हात घातला.

रविवार, ५ ऑक्टोबर

काल योपांनी धड्याला बोलावलं नाही. मीही विचारलं नाही.

मनोहरला व्हिडिओ कॉल केला. तो खताच्या दुकानात गल्ल्यावर बसला होता.

"काय रं श्रीधर, गोऱ्यांच्या बँडात भरती झालास म्हनं? घोडा हाय का तिथं?"

"घोडा नाही. सायकली आहेत."

"मग नवरदेव सायकलवर बसतोय व्हय!" हसून झाल्यावर त्याने माझं तोंड पाहिलं. "काय झालं?"

सगळं सांगितलं. एका गिऱ्हाइकाला पोतं देऊन तो परत आला.

"आपलं कसं, एका ताटात जेवून मोठं झालो. माझा घास तू उचललास तर मला कळायचंबी न्हाई. त्येचं ताट येगळं हाय रं. तू न विचारता त्यात हात घातलास."

"मग काय करू?"

"जा आन् माफी माग. आन् म्हनला वाजवू नगंस, तर जीव गेला तरी वाजवू नगंस."

शुक्रवार, १० ऑक्टोबर

योप तालमीला आले नाहीत. सर्दी, म्हणून कळवलंय. त्यांची खुर्ची रिकामी होती आणि मी उगाच त्या बाजूला वाद्य टेकवू नये म्हणून जपत होतो.

निघताना फेम्केने थांबवलं. "त्या दिवशी मी थांबवलं, पण एक सांगू? जोड कुठे होती ते मला कळलं नाही. तुझ्याकडे श्वास आहे. योपला नाही जमलं तर सोलो तू करशील? नुसता तयार ठेव."

विचार करून सांगतो म्हणालो.

इथे कोणी वाचणार नाही, तर खरं लिहितो. मला तो वाजवायचाय. बुधवारी घरून काम होतं, नंदा आणि सानिका बाहेर गेल्यावर मी तो वाजवून पाहिला, दोनदा. दुसऱ्या वेळी पूर्ण गेला, आणि खिडकीच्या काचेत मी स्वतःकडे पाहिलं. नंतर देवापुढे उभा राहिलो. योपांना बरं वाटू दे म्हणालो, पण तोंडातल्या तोंडात. मोठ्याने म्हणवेना.

नंदाला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला आधीच माहीत आहे काय सांगायचं ते. मला कशाला विचारताय?"

फेम्केला सकाळी मेसेज केला. योप नाहीत तर मीही नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर

आज पाडवा. सुट्टी घेतली होती. नंदाने फराळाचा डबा भरून हातात दिला आणि म्हणाली, "जा तुमच्या योपरावांकडे. रिकाम्या हाताने माफी मागायला जाऊ नये." ती त्यांना पहिल्यापासून योपराव म्हणते.

दार योपांनीच उघडलं. आवाज अजून बसलेला. मी दारातच सुरुवात केली, त्यांनी हात हलवला. "आत ये. दारातून थंडी येते, माफीबरोबर."

चकली हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिली, चावली आणि म्हणाले, "माझ्या धंद्याला याचा फार उपयोग झाला असता."

मग मी नीट माफी मागितली. छबिना, पालखी, मनोहर, सगळं सांगितलं. हे आधीच सांगायला हवं होतं. ते लक्ष देऊन ऐकत होते आणि मधूनमधून विचारत होते. वकील विचारतात तसं.

"म्हणजे तुझा भाऊ खूण करायचा?"

"नाही. खूण करायची नसते."

"आधी ठरवायचात? इथे मी, तिथे तू?"

"नाही. काही सांगायचं नाही, अशीच रीत आहे. फक्त खांदा दिसतो. श्वास संपताना थोडा वर येतो."

"कोणता खांदा?"

"शेजाऱ्याकडचा."

"हं," ते म्हणाले.

मला वाटलं, त्या दिवशी मी नक्की काय केलं याचा ते छडा लावताहेत. म्हणून मी सरळ शब्दच दिला. "योप, मी पुन्हा तसं करणार नाही. काही झालं तरी. देवाची शपथ."

ते माझ्याकडे बघत राहिले. "फेम्केने तुला सोलोसाठी विचारलं म्हणे."

"मी नाही म्हटलं."

"का?"

"तो तुमचा आहे."

"तुमच्या गावी असं म्हणतात? हा माझा, हा तुझा?"

"नाही," म्हणालो. "गावी असं नाही म्हणत."

स्वयंपाकघरात टिनेके एकटीच हसली. कशाला ते कळलं नाही. बहुतेक रेडिओ लावला असावा.

योपांनी करंजी खाल्ली आणि पुढच्या गुरुवारी येतो म्हणाले. राग पुरता गेलेला नाही असं वाटतं, पण निदान बोलले.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

योप आले. पुन्हा शेजारी बसलो.

सिनेमाच्या चाली आता बसल्या आहेत. त्या वाजवताना मला घरी असल्यासारखं वाटतं. फेम्के सांगत होती, फाब्रेली पडद्यासमोर बसून लिहायचा, माणूस दार उघडतो तिथे हे, घोडा वळतो तिथे ते. आम्हीही असेच, डोळे पालखीवर. भोई थबकले की आम्ही थबकलो, चढ लागला की लय जड झाली. पण मिठागरांत पुढे काहीच चालत नाही. कोणाच्या पावलांवर डोळे ठेवायचे? मी फेम्केला विचारलं. ती म्हणाली, "माझ्याकडे बघ." तिच्याकडे बघतो, पण ती काही कुठे निघालेली नाही.

सोलो घेतला. त्यांचा खांदा चांगलाच वर आला, आधीपेक्षा जास्त. त्रास वाढला असावा. मी क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरून बसलो. मध्ये सूर तुटला, त्यांनी श्वास घेतला, मग पुढे गेले. फेम्केने थांबवलं नाही. योप मात्र नंतर माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होते.

हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतल्यापासून ऑफिसातून निघताना अंधार असतो. गाडीत झुइडासच्या ऑफिसांचे दिवे मागे जाताना मी मनातल्या मनात भैरोबाला म्हणतो, पंधरा तारखेच्या कार्यक्रमापर्यंत त्यांना श्वास पुरव. सकाळी देवापुढे तेच आता मोठ्याने म्हणता येतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

काल कार्यक्रम झाला. सगळं क्रमाने लिहितो, कारण अजून माझं मलाच पुरतं कळलेलं नाही.

सभागृह भरलं होतं. फेम्केचं खरं ठरलं, लोक सिनेमासाठी आले होते. नंदा दिवाळीची साडी नेसून तिसऱ्या रांगेत, शेजारी सानिका. टिनेके पहिल्या रांगेत, हात मांडीवर घट्ट धरून.

मिठागरं सुरू झाली. पहिला भाग बरा गेला. दुसऱ्यात सगळे थांबले आणि योप निघाले. आजवर ऐकलं त्यापेक्षा चांगलं. लोक खुर्चीत हलायचे थांबले.

मग मध्य आला. त्यांचा खांदा वर आला. नुसता वर नाही, चांगला कानाजवळ गेला. त्यांनी माझ्याकडे तिरकं पाहिलंसुद्धा. ते गुदमरताहेत असं वाटलं. माझी बोटं चाव्यांवर गेली होती. पण शब्द दिला होता, आणि मनोहरही म्हणाला होता, जीव गेला तरी वाजवू नगंस. मी वाद्य मांडीवर दाबून धरलं आणि डोळे मिटून देवाला हाक मारली.

सूर थांबला. पूर्ण थांबला. भरलेल्या सभागृहात कोणी खोकलंही नाही. मग त्यांनी श्वास ओढला, तो सगळ्यांना ऐकू गेला, आणि ते पुढे निघाले. शेवटचे सूर खरखरीत आले. पण ते पोचले.

टाळ्या पडल्या, सांभाळून घेणाऱ्या भल्या माणसांच्या. उत्तरार्धात पंख्याच्या जाहिरातीची चाल लागली तेव्हा लोकांनी पाय आपटून ठेका धरला.

संपल्यावर मागच्या खोलीत योप पेटी बंद करत बसले होते. मी जवळ गेलो. "फार सुंदर वाजवलंत."

"तू आला नाहीस," ते म्हणाले.

मला कळेना. "कुठे?"

"मधे."

"मी शब्द दिला होता, योप."

"माहीत आहे." त्यांनी पेटीचा खटका लावला. "मी थांबलो होतो."

तेवढ्यात टिनेके कोट घेऊन आली. माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. "श्रीधर, दिवाळीपासून हा माणूस माझ्यासमोर खांदा उचलून बसतोय. एवढा दिसतो का? आता दिसतो का? मी म्हटलं, अरे, त्याला सरळ सांग ना. तर म्हणे, नाही, त्यांच्या गावी सांगत नाहीत!"

योप कानापर्यंत लाल झाले होते. मी खाली बसलो, त्यांच्या पेटीशेजारी जमिनीवरच. मी त्यांच्या रीतीने वागलो आणि ते माझ्या.

घरी येताना सानिका मागच्या सीटवरून पुढे वाकली. म्हणाली, "बाबा, तो जो गॅप होता ना, मला वाटलं की ते तसंच लिहिलंय." आणि थोड्या वेळाने, एकही इंग्रजी शब्द न घालता, "वेडे आहात तुम्ही दोघं."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

डिसेंबरात हाच कार्यक्रम पुन्हा आहे, युट्रेख्टला एका चर्चमध्ये. टिनेकेने मला आधीच सांगितलं होतं की योप त्यात नसतील. डॉक्टरांचं ऐकायचं ठरलंय. म्हणून काल मी मनाची तयारी करून गेलो, त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसायची.

खुर्ची रिकामी नव्हती. योप आधीच येऊन बसले होते, पण माझ्या खुर्चीवर.

"तिकडे बस," त्यांनी आपल्या जागेकडे बोट केलं. "सोलो तू वाजव."

"नाही. मी फेम्केला सांगितलंय, तुम्ही नाही तर—"

"मी आहे की. हा काय बसलोय." मग हळू बोलले. "ऐक. माझ्याने तो पूर्ण होत नाही. शनिवारी कळलं. वाईट वाटलं, आता जरा कमी वाटतं. पण मी घरी बसून विचार केला. तूही माणूस आहेस. तुलाही मध्ये कुठे श्वास घ्यायचा असेल?"

"दोन ठिकाणी. ओढून नेला तर नाही लागत, पण ताण कळतो."

"मग ताणू नकोस. त्या दोन ठिकाणी मी. तेवढा श्वास माझ्याकडे आहे. त्याहून जास्त नाही, पण तेवढा आहे. डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, फुगा फुगवण्यापेक्षा कमी आहे, कर."

फेम्के आली. योपांनी तिला सांगून टाकलं, "सोलो आता दोघांचा आहे."

"योप, सोलो दोघांचा नसतो."

"श्रीधरच्या गावी असतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने जरा विचार केला आणि काठी उचलली.

मिठागरांचा मधला भाग. सगळे थांबले, मी निघालो. भीती वाटत होती, मग वाटेनाशी झाली. पहिली जागा आली, माझा खांदा आपोआप वर गेला आणि शेजारून सूर आला. बारीक, थोडा कापरा, पण तोच, आणि नेमका तिथेच. मी पोटभर श्वास घेतला, पुन्हा सूर हातात घेतला. पुढे बसलेली बासरीवाली मागे वळली नाही. तिला काही कळलंच नसावं.

दुसऱ्या जागी मात्र ते आधीच आले. माझा खांदा उचलायचा होता, श्वास अजून बराच उरला होता, पण त्यांना राहवलं नसावं. नवशिका माणूस असंच करतो, आपली पाळी चुकेल म्हणून धावत येतो. इतकी वर्षं वाजवलेला माणूस, पण यात नवाच.

मी उरलेला श्वास सोडून दिला आणि त्यांना वाजवू दिलं.